खंडेनवमीचं पाणी

आमच्या ईश्वरीच्या गळ्यात लिंग बांधलं, त्या वर्षीची ही गोष्ट. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी जंगमस्वामी घरी आले होते. स्वामी कानात मंत्र सांगायला लागले तेव्हा पोरगी गुदगुल्या झाल्यासारखी हसली, म्हणून तिच्या आईनं, माझ्या सुनेनं वैजयंतीनं, तिच्या दंडाला चिमटा काढला होता. पाऊस त्या साली थांबलाच नाही. आश्विन लागला तरी सोयाबीन पाण्यात उभं होतं, शेंगांना जागेवर कोंब फुटले होते. धरण काठोकाठ भरलं होतं. त्याच आश्विनात बन्सीधरची मोटार फुटली.

आमचं खडकदरा धरणाच्या फुगवट्यावर आहे. तीन बाजूंनी पाणी. जिंतूरला जायचं तर डोंगराला वळसा घालून दीड तास लागतो. बोटीनं पलीकडे गेलं तर पाव तास, तिथून पुढं जीप. बाजाराच्या बाया, दवाखान्याची माणसं, कॉलेजची पोरं सगळी बन्सीधर भोयाच्या बोटीनं जात. बोट लाकडी, मागं लावलेली मोटार विलायती. धरण बांधताना साहेबलोकांनी ती आणली होती, काम संपल्यावर बन्सीधरच्या बापाकडे आली. वर हिरवा रंग, खाली पाण्यात बुडणारी लांब मान, मानेच्या टोकाला पंखा. एकच सिलिंडर, बिडाचा. दुसरा मिळायचा तर कुठं मिळायचा हे कुणालाच माहीत नव्हतं.

ती मोटार फक्त आप्पांना कळायची. आप्पा म्हणजे माझे मालक, वीरुपाक्ष. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा, मीही म्हणते. आम्ही जातीनं लिंगायत वाणी. सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. आप्पांनी तराजू खाली ठेवला आणि पाने-हातोडे घेतले, म्हणून लोक वाणीमिस्त्री म्हणून चिडवायचे. आमचा मुलगा शंभुराज त्यांच्याच हाताखाली शिकला. चौतीस वर्षांचा गडी, ताकद बापाच्या दुप्पट, धीर अर्धाही नाही.

खंडेनवमीच्या सकाळी बन्सीधर मोटार खांद्यावर घालून आला. तेल चढत नव्हतं. आप्पांनी जाळी साफ केली, मोटार पाण्याच्या टिपात, अर्ध्या कापलेल्या पिंपात, उभी केली आणि दोरी ओढली. अर्धा तास ती टिपात घुरघुरत राहिली. टिपातलं पाणी कोमट झालं. मग आप्पांनी ती उचलून अंगणात लाकडी घोडीवर ठेवली आणि मला म्हणाले की आता बाकीच्या हत्यारांबरोबर हिचीही पूजा करून टाक. ते हात धुवायला मागल्या दारी गेले.

आमच्या घरची रीत अशी की हत्याराला लिंगासारखंच मानायचं. आधी पाणी घालायचं, मग भस्माचे तीन पट्टे ओढायचे, मग फूल. सगळी हत्यारं मी तांब्यातल्या धारेनं न्हाऊ घातली. मोटारीपाशी आले आणि मला मासळीचा वास आला. बोटीत मासळीच्या पाट्या असायच्या, तेलकट वंगणात तो वास मुरला होता. आम्ही लिंग बांधणारी माणसं. माझ्या सासूनं हयातीत असल्या वासाची वस्तू उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. तांब्या ठेवून मी रांजणातून कळशी भरून आणली. थंडगार पाणी. पुरी कळशी त्या मोटारीच्या डोक्यावर ओतली.

वाफेचा लोट वर आला. आतून टक् असा आवाज झाला, तव्यावर हरभरा फुटावा तसा. मी थोडी थांबले. परत काही वाजलं नाही. मी पदराच्या टोकानं मोटार पुसली, भस्माचे तीन पट्टे ओढले, वर झेंडूचं फूल ठेवलं. आवाजाचं आप्पांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही असेल असं मला वाटलंही नव्हतं.

दोन दिवस मोटार चालली. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बारा-तेरा माणसं घेऊन बोट मधोमध गेली आणि मोटारीनं पांढरा धूर सोडून दम तोडला. वारं मोठं होतं. वल्ह्यानं बोट आवरेना. धरणाच्या पोटात जुनी बाभळीची खोडं उभी आहेत, पाणी कितीही चढलं तरी त्यांचे शेंडे वरच्या वरच असतात. बोट त्यांच्यावर जाऊन आदळली. बन्सीधरची बायको सरजाबाई बोटीच्या काठाला धरून बसली होती. तिचा उजवा हात काठ आणि खोड यांच्या मध्ये सापडला. लाट आली तशी बोट उचलली आणि पुन्हा त्याच हातावर बसली. दोन बोटं तिथंच गेली. बाकीची माणसं ओली होऊन का होईना, काठाला लागली.

सरजाबाई आणि मी एका वर्षी खडकदऱ्यात सून म्हणून आलो होतो. तिच्या घरचं पाणी मी कधी प्यायले नाही, पण आमच्या दोघींची बाळंतपणं एकाच सुइणीनं केली होती.

दुपारी बन्सीधर आमच्या अंगणात आला. मोटार त्याच्या खांद्यावर होती, हातात वल्हं. त्यानं मोटार आप्पांच्या पायापाशी टाकली आणि सिलिंडरवर बोट ठेवलं. हिरव्या रंगात वरून खाली केसाएवढी रेघ होती, तिच्यातून गंजलं पाणी पाझरत होतं. आप्पा बघायला वाकले. ते वाकले असतानाच बन्सीधरनं वल्हं घातलं. पहिला तडाखा पाठीत बसला, दुसरा खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. मी बाहेर आले तेव्हा आप्पा गुडघ्यावर बसले होते, उजवा हात लोंबत होता, तोंडातून लाळ गळत होती. बन्सीधर लाथ घालायच्या बेतात होता. शेजारच्यांनी त्याला मागून धरलं.

त्याचं म्हणणं होतं की आप्पांनी हातोडा मारून मोटार मुद्दाम फोडली. पलीकडच्या गावचा आदिनाथ नवी फायबरची बोट घेऊन घाट बळकावायला टपला होता, आणि आप्पांनी त्याची सुपारी घेतली, असं तो ओरडून सांगत होता. आप्पांना धाप लागली होती. ते एवढंच म्हणाले की बिनपाण्याची चालवली असशील, म्हणून तापून फुटली. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते. मी दारात उभी होते.

शंभुराज त्या दिवशी ताडकळसला इंजिनाच्या कामाला गेला होता. तो परत आला तेव्हा बापाचा खांदा जिंतूरच्या डॉक्टरनं बांधून झाला होता. त्यानं कोपऱ्यातली पहार उचलली. वैजयंती उंबऱ्यात आडवी पडली, म्हणाली, माझ्या अंगावर पाय देऊन जा. तो तिच्या अंगावर पाय द्यायला निघालाही होता. आप्पांनी त्याला नावानं हाक मारली, एकदाच, तेव्हा तो खाली बसला आणि भिंतीवर डोकं आपटत राहिला.

रविवारी दिनकरराव पाटलांच्या ओसरीवर माणसं जमली. दिनकरराव म्हातारे, गावातली भांडणं त्यांच्याकडेच जायची. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला की मोटार मिस्त्रीच्या हातात फुटली का भोयाच्या, हे देवाला माहीत. मिस्त्रीनं ती दुरुस्त करायची. दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी बोट सगळ्यांसमक्ष पलीकडे जाऊन परत यायला पाहिजे. आली तर घाट बन्सीधरचा, आणि भांडण मिटलं. नाही आली तर घाट आदिनाथला जाणार, कारण दिवाळीला लेकीबाळींनी माहेरी यायचं कसं. आदिनाथ एका कडेला मोटारसायकलवर बसून सुपारी कातरत होता. त्यानं मान हलवली.

बन्सीधर उठताना म्हणाला, "दिवाळीपातुर घाट गेला आप्पा, तर तुमच्या घरात दिवा लागू देणार न्हाई."

शंभुराज हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. आप्पांचा उजवा हात गळ्यात बांधलेला, त्यामुळं डोकं त्यांचं आणि हात शंभुराजचे. ज्या माणसानं बापाचं हाड मोडलं त्याची मोटार खोलायची, हे शंभुराजला सोसत नव्हतं. प्रत्येक नट तो एखाद्याचा गळा आवळावा तसा फिरवायचा. आप्पा त्याला सांगत की हलक्या हातानं, जुनं लोखंड आहे, ते राग ओळखतं.

सिलिंडर सुटा झाला. केळीच्या गड्ड्याएवढा असेल, पण उचलायला जड. शंभुराजनं तो रॉकेलमध्ये भिजवला आणि कोरडा पुसला. मग आप्पांनी मला देव्हाऱ्यातली भस्माची डबी मागितली. मी दिली. त्यांनी चिमटीनं भस्म सिलिंडरवर भुरभुरलं, सगळा सिलिंडर पांढरा झाला. आम्ही बघत बसलो. थोड्या वेळानं भेगेत मुरलेलं रॉकेल बाहेर यायला लागलं आणि पांढऱ्या भस्मात आपोआप एक काळी ओली रेघ उमटली. डोक्यापासून निघाली होती, कळशीतलं पाणी जसं ओघळलं असेल तशी वाकडी होत खाली आली होती. मी डबी उचलून आत गेले.

भेग आणखी धावू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना हाताच्या ड्रिलनं बारीक भोकं पाडायची होती. शंभुराज घाम गाळत दांडा फिरवायचा, आप्पा डाव्या हातानं थेंब थेंब तेल सोडायचे. मग छिन्नीनं भेगेची चर केली, कानशीनं घासली. त्यात दोन दिवस गेले. बन्सीधर रोज येऊन कुंपणाच्या बाहेर उकिडवा बसायचा. बिडी ओढायचा आणि बघायचा. कधी कधी म्हणायचा, वाण्याच्या हाताला घाई न्हाई, त्याचा माल कुठं सडायलाय. शंभुराजच्या मानेच्या शिरा उभ्या राहायच्या. आप्पा खाली बघूनच म्हणायचे, कानस चालव.

गुरुवारी अंगणात गुडघाभर खड्डा खणला. तळाला गवऱ्या रचल्या, वर सिलिंडर ठेवला, पुन्हा गवऱ्या. बिडाला एकाच जागी आग लावली तर ते तडकतं, सगळं अंग सारखं तापवावं लागतं. आप्पा मधून मधून सिलिंडरवर ज्वारीचा दाणा टाकायचे. आधी दाणा नुसता करपायचा. मग त्याची लाही व्हायला लागली. मग पडल्या पडल्या दाणा पेट घ्यायला लागला तेव्हा आप्पा म्हणाले, आता. शंभुराजनं गॅसची बत्ती पेटवली. पितळेची काडी सवागीत, म्हणजे टाकणखारात, बुडवून चरीवर धरली. पितळ वितळून मधासारखं चरीत उतरलं. आप्पांच्या भुवया जळाल्या, पण ते तोंड मागं घेईनात.

मग खड्डा राखेनं आणि चुन्यानं बुजवला. दोन वर्षांची राख मी पोत्यात भरून ठेवली होती, सगळी लागली. आप्पांनी शंभुराजला, मला, वैजयंतीला, ईश्वरीलासुद्धा समोर उभं करून सांगितलं की दुसऱ्या दिवशी दिवस बुडेपर्यंत या राखेला कुणी बोट लावायचं नाही. आत जे लोखंड आहे त्याला आपल्या चालीनं निवू द्यायचं. वारा लागला की गेलं.

शुक्रवारी सकाळी आप्पा बांधलेला खांदा दाखवायला डॉक्टरकडे गेले होते. शंभुराज विहिरीवर होता. बन्सीधर कुंपण ओलांडून आत आला. त्याला कुणीतरी भरवलं होतं की खड्ड्यात काहीच नाही, वाण्यानं नुसती राख पेटवून ठेवली आहे आणि सिलिंडर आदिनाथच्या घरी गेला आहे. मी म्हणाले, बन्सी, राहू दे बाबा, संध्याकाळी बघ. त्यानं ऐकलं नाही. पायानंच राख उधळली. आत सिलिंडर काळसर, धगधगता होता. पहाटेपासून सुटलेलं गार वारं त्याच्यावर आलं.

टक्.

तोच आवाज. मला तो कुठंही ओळखता आला असता.

शंभुराज विहिरीवरून पळत आला होता. त्यानं उघडा खड्डा बघितला आणि खड्ड्याच्या कडेला पडलेली सांडशी उचलली. तिची टोकं निखाऱ्यात राहिली होती. ती त्यानं बन्सीधरच्या गालावर धरली. मारली नाही, धरली. चरचर आवाज झाला आणि कातडीचा वास आला. बन्सीधर ओरडला नाही, त्यानं शंभुराजच्या मनगटाचा चावा घेतला. दोघं राखेत लोळायला लागले, तोंडात राख, डोळ्यांत राख, कोण कुठला हे कळेना. मी आणि वैजयंती काठ्यांनी दोघांना मारत होतो, वेगळं करण्यासाठी. माणसं आली तेव्हा बन्सीधरच्या गालावर दोन बोटं रुंद पट्टा उठला होता, आणि शंभुराजच्या मनगटातून मांस लोंबत होतं.

दुपारी आप्पा परत आले. खड्ड्यापाशी बसून त्यांनी सिलिंडर बघितला. पितळ तसंच होतं, त्याच्या कडेनं बीड पुन्हा फाटलं होतं. मला त्यांनी सगळं सांगायला लावलं. आवाज कसा आला तेही सांगायला लावलं. मी सांगितलं. सांगताना माझ्या तोंडावर काय आलं असेल ते असेल. आप्पांनी सिलिंडर फिरवून भेग डोक्यापासून खालपर्यंत पुन्हा बघितली. शंभुराज दवाखान्यात गेला होता, वैजयंती पाण्याला. आप्पा माझ्या मागं स्वयंपाकघरात आले, घरात आम्ही दोघंच होतो.

"भागे, नवमीला तू या मोटारीवर पाणी वतलंस?"

"व्हय."

"तांब्याभर?"

"कळशीभर."

"कळशी कशापायी?"

"मासळीचा वास यायला होता."

आप्पांनी डाव्या हातानं मला मारलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर हात टाकला नव्हता असं मी म्हणणार नाही, पण असा टाकला नव्हता. मी चुलीच्या बाजूच्या वैलावर पडले. डाव्या कानात जे वाजायला लागलं ते अजून वाजतं, त्या कानानं मला आता ऐकू येत नाही. मी उठून बसेपर्यंत ते थांबले. मग खाली वाकून हलक्या आवाजात बोलले.

"ही गोष्ट तोंडाभाईर काढायची न्हाई. शंभूलाबी न्हाई. बन्सीच्या बायकूची बोटं गेली ती तुझ्या सोवळ्यापायी, हे त्याला कळलं तर ते घर पेटवील. आन् शंभू त्याला सोडणार न्हाई."

मी मान हलवली. मला वाटलं, मोटार चालली की सगळं संपेल. आप्पांनाही तेच वाटलं असणार.

दुसऱ्यांदा काम पहिल्यापासून करावं लागलं. जुनं पितळ उतरवलं, भेग आणखी लांब झाली होती, नवी भोकं पाडली. शंभुराजचं मनगट बांधलेलं असल्यामुळं बत्ती धरताना ते थरथरायचं. शेवटी आप्पांनी गळ्यातली पट्टी काढून टाकली आणि मोडल्या खांद्यानं बत्ती धरली. दुखलं की ते ओठ चावायचे, ओठातून रक्त हनुवटीवर यायचं, पण ज्योत हलली नाही. राखेचं पोतं संपलं होतं. मी सकाळी घरोघर गेले आणि चुलीची राख मागितली. बायांनी दिली, पण कुणी उंबऱ्यातून आत बोलावलं नाही. सरजाबाईच्या दारावरून जाताना मी पदर ओढून घेतला. ती ओट्यावर बसली होती. तिनं मला हाक मारली आणि डाव्या हातानं सुपभर राख माझ्या टोपल्यात टाकली.

"काकूला इचार, आप्पाचं हाड बसलं का," असं ती मला नाही, शेजारी उभ्या असलेल्या आपल्या जावेला म्हणाली.

ती राख मी टोपल्यात घेऊन आले. वाटेत दोनदा मला परत फिरून तिच्यासमोर बसावंसं वाटलं. परत फिरले नाही.

या खेपेला खड्ड्यावर शंभुराज स्वतः बसून राहिला. सिलिंडर दोन दिवसांनी बाहेर काढला. आप्पांनी पुन्हा रॉकेल लावलं, पुन्हा भस्म भुरभुरलं. आम्ही बघत राहिलो. भस्म पांढरंच राहिलं. कुठंही रेघ उमटली नाही. आप्पांनी सिलिंडरला नखानं टिचकी मारली, तो घंटेसारखा वाजला. आप्पा रडले. शंभुराजनं त्यांना रडू दिलं आणि बुधवारी मोटार जोडली.

गुरुवारी सकाळी सगळा गाव घाटावर होता. दिनकरराव खुर्चीवर बसले होते. आदिनाथची फायबरची बोट पलीकडून येऊन उभी होती, पांढरी, निळ्या पट्ट्यांची. शंभुराजनं मोटार खांद्यावरून आणली आणि बोटीला आवळून बसवली. बन्सीधरच्या गालावरची खपली अजून ओली होती. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे न बघता काम करत होते. सरजाबाई पाण्याच्या कडेला दगडावर बसली होती, हाताला फडकं.

दोरी दोनदा ओढली, काही झालं नाही. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा मोटार खोकली आणि सुरू झाली. बोट लांब गेली, हाताएवढी दिसायला लागली, पलीकडच्या काठाला टेकली आणि वळली. आवाज एकसारखा येत होता. ती परत घाटाला लागली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. दिनकरराव उभे राहिले आणि म्हणाले की घाट बन्सीधरचा, आणि आता दोघांनी हात मिळवा. आदिनाथनं सुपारी थुंकली आणि आपली बोट ढकलली.

बन्सीधरच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू बघितलं. त्याला काय करावं ते सुचेना. मोटारीला हळद-कुंकू आणलं होतं त्यांच्या घरच्यांनी. त्यानं आधी बोटीतली बादली घेतली, धरणात बुडवली, आणि मोटार धुवायला म्हणून तिच्या डोक्यावर उचलली.

"पाणी टाकू नको," मी ओरडले. "तापलीय ती. त्यानंच फुटली व्हती."

त्याचा हात वरच थांबला. बादलीतून पाणी त्याच्या मनगटावरून सांडत होतं. आप्पांनी डोळे मिटून घेतले, ते मला दिसलं.

"कशानं फुटली व्हती?" तो म्हणाला.

मग मी सांगितलं. खंडेनवमीला म्या कळशी वतली. मोटार तापली व्हती, मला ठाव नव्हतं. आप्पाला ठाव नव्हतं. टक् आवाज झाला, म्या कुणाला सांगितलं न्हाई.

"कळशी कशाला वतली, काकू?"

मला खोटं बोलता आलं असतं. पूजेची रीत म्हणून सांगता आलं असतं. सरजाबाई माझ्याकडे बघत होती.

"मासळीचा वास यायला होता," मी म्हणाले.

बन्सीधरनं बादली हळूच बोटीत ठेवली. तो हसला, पण आधीचं हसू ते नव्हतं.

"चाळीस वर्सं आमच्या बोटीत बसून पैलपार गेलीस. तवा न्हाई आला वास?"

तो बोटीतून उतरला आणि माझे केस धरले. मला ओढत गुडघाभर पाण्यात नेलं आणि तोंड पाण्यात दाबलं. धू, म्हणत होता, धू की आता. नाकातोंडात पाणी गेलं. त्यानं वर काढलं, पुन्हा दाबलं. मला खालची वाळू दिसत होती, त्याचे पाय दिसत होते, आणि खरं सांगायचं तर मी हात मारत नव्हते.

केस सुटले. मी वर आले. शंभुराज कंबरेइतक्या पाण्यात उभा होता, हातात बोटीतलं वल्हं. आप्पांचं हाड मोडलं तेच. बन्सीधर डोक्याला हात लावून उभा होता, बोटांमधून रक्त येत होतं. तो बसायला लागला होता. तो खाली चालला होता आणि शंभुराजनं दुसऱ्यांदा वल्हं घातलं. सगळ्यांनी बघितलं की तो खाली चालला होता. तो पाण्यात पालथा पडला आणि त्याच्याभोवतीचं पाणी चहासारखं झालं.

त्याला जिंतूरला न्यायचं होतं. डोंगराच्या रस्त्यानं दीड तास. कुणीतरी बन्सीधरला बोटीत घातलं, मोटारीची दोरी शंभुराजनंच ओढली. पहिल्या ओढीला सुरू झाली. शंभुराज मागं बसून मोटार चालवत होता आणि सरजाबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन पुढं बसली होती. पलीकडे उतरल्यावर शंभुराज जीपच्या मागं थोडा पळाला, मग रस्त्यावर बसून राहिला. पोलीस आले तेव्हा तो तिथंच होता.

दुपारी ठाण्यात माझा जबाब घेतला. मी कळशीपासून सांगितलं. लिहिणारा जमादार थोडा वेळ ऐकत राहिला, मग म्हणाला की आजी, हे केसला लागत नाही, घाटाच्या वादावरून झालं ना. आप्पा खाली बघत होते. जमादारानं लिहिलं आणि कागद पुढं केला, शाईचं पॅड उघडलं. मी बेचाळीसाव्या वर्षी देवळातल्या वर्गात पाटीवर अक्षरं शिकले होते. जोडाक्षरं मला सावकाश लागतात. मी कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत वाचला. घाट होता, बोट होती, वल्हं होतं, केस धरले तेही होतं. पाणी ओतल्याचं कुठंच नव्हतं. मी पॅड मागं सारलं, पेन घेतलं आणि खाली सही केली.

शंभुराजला जन्मठेप झाली. दुसऱ्या तडाख्यामुळं झाली, असं वकील म्हणाला. वैजयंती आणि ईश्वरी पाथरीला तिच्या भावाकडे असतात. घाट सरजाबाईकडे आहे, आदिनाथला मिळाला नाही. उजव्या हाताच्या तीन बोटांत दोरी धरून ती मोटार ओढते. सिलिंडरचा सांधा अजून सुटलेला नाही. वारं इकडचं असलं की मोटारीचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येतो, उजव्या कानानं मला ऐकू येतो. मला जिंतूरला जायचं असलं तर मी डोंगराच्या रस्त्यानं जाते.

बन्सीधर भोई आश्विन वद्य दशमीला, गुरुवारी, वीस ऑक्टोबर दोन हजार बावीस रोजी दुपारच्या आत जिंतूरच्या वाटेवर जीपमध्ये वारला. माझे मालक वीरुपाक्ष पुढच्या वर्षी पौषात, शंभुराजचा निकाल लागल्यावर अकराव्या दिवशी वारले.